पैज दहा चिंचोक्यांची

सुटीत महागावला आजोळी आमचा अष्टा-चंगा रंगायचा. २५ घरं, चार कवड्या, पैजेला दहा चिंचोके!

एकदा माझी सोंगटी फुलीवर सुरक्षित होती. दुसरी हलवायची सोडून मी तीच बाहेर काढली. चंगा, म्हणजे चार पडले की थेट आत! पण मागे ताई टपलेली. तिला हवे होते दोन. पडले की! सोंगटी मेली, चिंचोके गेले.

आजी म्हणाली, "अरे, चंगा काय उठसूट पडतो?"

चार नाणी उडवा. ती १६ प्रकारे पडतात. दोनच छापे ६ प्रकारांत, चारही छापे फक्त एकात! कवड्या मात्र नाण्यांसारख्या दोन्ही बाजूंनी सारख्या नसतात. तुमच्या कवड्या शंभरदा टाका, वहीत मांडा. मगच पैज लावा!