कष्ट एकाचे, गुण चौघांना!

अभियांत्रिकी महाविद्यालयाचे अंतिम वर्ष म्हणजे चौघांचा गट, एक प्रकल्प आणि एकच अहवाल. बहुतेक गटांत एक जण रात्रीचा दिवस करतो, दुसरा थोडाफार हातभार लावतो. उरलेले दोघे सादरीकरणाच्या दिवशी कडक इस्त्रीचे कपडे घालून उभे राहतात. गुण मात्र अनेकदा चौघांनाही सारखेच! यालाच सांघिक वृत्ती म्हणायचे काय? हा तर आळसाला दिलेला राजाश्रय झाला.

मनुष्यस्वभावाचा हा दोष जुनाच आहे. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान यांचे प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध झाले. दोर ओढणारे वाढले तसा प्रत्येकाचा जोर घटत गेला. आठ जण झाले तेव्हा तो जवळजवळ निम्म्यावर आला. विल्यम्स, हार्किन्स आणि लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये त्यावरील उताराही दाखवला. प्रत्येकाचा वाटा स्वतंत्रपणे ओळखला जाणार, हे ठाऊक असले की अंगचोरी टळते.

हा वाटा शिक्षकाला दिसत नाही. त्याच्यासमोर येतो तो तयार अहवाल. तो दिसतो बरोबरीने काम करणाऱ्या सहाध्यायांना. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शालेय प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर सहाध्यायी मूल्यमापनालाही स्थान दिले, ते योग्यच होय. महाविद्यालयांनी मागे का राहावे?

मुले मैत्रीपोटी गुण वाटतील, आकसाने कापतील, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. परंतु त्यावर उपाय आहेत. निकष आरंभीच सांगावेत, मत गुप्त ठेवावे, मध्यावर एकदा मूल्यमापन करून चुकणाऱ्याला सुधारण्याची संधी द्यावी आणि अंतिम निर्णय शिक्षकाने कामाची नोंदवही पाहून करावा. हिशेबही सोपा आहे. गटाला ५० पैकी ४० गुण मिळाले, तर सरासरीइतके काम करणाऱ्यास ४०, दहा टक्के अधिक करणाऱ्यास ४४ आणि वीस टक्के कमी करणाऱ्यास ३२. एवढेही कष्ट ज्या संस्थांना नकोत, त्यांनी विद्यार्थ्यांच्या आळसाविषयी बोलू नये.

गोवर्धन उचलला गेला तेव्हा प्रत्येक गोपाने आपली काठी लावली, ही कथा घरोघरी सांगितली जाते. काठी न लावता नुसते पर्वताखाली उभे राहणाऱ्यालाही तोच मान देणारी शिक्षणपद्धती उद्या कोणते अभियंते घडवणार? आणि त्यांनी बांधलेल्या पुलांवरून जाणार कोण?