पुतिन यांना टाळ्या, पण जालन्याच्या कापसाचे काय?

अमेरिका रशियाकडून अणुइंधन घेते, मग भारताने तेल का घेऊ नये? 'आज तक'वर ४ डिसेंबर २०२५ रोजी दाखवलेल्या मुलाखतीतील व्लादिमीर पुतिन यांच्या या मुद्द्याला समाजमाध्यमांवर दाद मिळाली. युक्रेनबाबत त्यांना खोदून विचारले नाही, अशी टीकाही झाली.

या वादाची झळ जालन्यातील कापूस उत्पादकापर्यंत पोहोचली. रशियन तेलावरून अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के जादा शुल्क लादले होते. बहुतेक भारतीय मालावरील शुल्क तेव्हा ५० टक्क्यांवर गेले. वस्त्रोद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत माफ केले होते. म्हणजे ऐन वेचणीत परदेशी कापूस स्वस्त झाला.

पुतिन यांना दाद द्यावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. तेलाच्या वादाची किंमत शेतकऱ्याने का मोजावी, हे मात्र दिल्लीलाच विचारायला हवे.