कलादालनाच्या वजावटी

पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातील कामगाराला पगारपत्रक कसे वाचावे हे शिकवावे लागत नाही. हाती आलेल्या रकमेआधी त्याची नजर कापलेल्या रकमेवर जाते. कायदेशीर कपात कोणती आणि मालकाच्या मर्जीची कोणती, हा भेद १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने स्पष्ट केला. २०१९ च्या वेतन संहितेतही कपातीच्या बाबी मोजून दिल्या असून, एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये असे बंधन आहे.

याच वसाहतींत पाळी संपवून रात्री चित्रे काढणारी माणसे आहेत. कलाशाळेत शिकलेली कामगारांची मुलेमुली आहेत. त्यांचे चित्र खाजगी कलादालनात विकले जाते, तेव्हा असे कोणतेही संरक्षण त्यांच्या पाठीशी नसते. प्रदर्शन संपल्यावर हिशेब म्हणून एक कागद येतो. दलाली आधीच वजा झालेली असते. तिच्या खाली निमंत्रणपत्रिका, उद्घाटनाचा चहा, दिवाबत्ती, वाहतूक आणि शेवटी ‘किरकोळ’ अशा रकमा मांडलेल्या असतात. पावती मागितली की कलावंताने पैशांकडे पाहू नये, असा उपदेश ऐकावा लागतो. अशा हिशेबात चित्र विकले जाऊनही चित्रकारच देणेकरी ठरू शकतो.

वस्तुतः कायदा इतका आंधळा नाही. विक्रीसाठी ठेवलेले चित्र विकले जाईपर्यंत चित्रकाराच्याच मालकीचे असते. कलादालन हा त्याचा अभिकर्ता, म्हणजे साध्या भाषेत अडत्या. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २१३ नुसार, मागणी होताच योग्य हिशेब देणे अभिकर्त्यावर बंधनकारक आहे. कलम २१७ त्याला मोबदला आणि ‘योग्य रीतीने केलेला’ खर्च कापून घेऊ देते. उरलेली रक्कम कलम २१८ प्रमाणे मूळ धन्याला द्यावी लागते. मात्र वेगळा करार नसेल, तर कलम २२१ खाली आपले येणे वसूल होईतो न विकलेली चित्रे अडवून ठेवण्याचा हक्कही अभिकर्त्याला आहे. तोंडी व्यवहाराचा फायदा कोणाला होतो, ते यावरून उघड आहे.

कलादालनालाही जागेचे भाडे, नोकरांचे पगार असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. भाड्याने दालन देण्याची पद्धत सरळ आहे. १९६८ मध्ये सुरू झालेल्या पुणे महापालिकेच्या बालगंधर्व रंगमंदिरातील कलादालनाप्रमाणे भाडे आधी ठरते, पुढचा नफातोटा चित्रकाराचा. परंतु जो विक्रीवर दलाली घेतो, त्याची दलाली हीच जागेची, प्रसिद्धीची आणि ग्राहक आणण्याची किंमत होय. तीच किंमत ‘खर्च’ या नावाने पुन्हा वसूल करणे म्हणजे एकाच मालावर दोनदा अडत कापणे.

ही व्याधी केवळ लहान गावची किंवा लहान चित्रकारांची नाही. जगप्रसिद्ध अमेरिकन चित्रकार मार्क रॉथ्को १९७० मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी शंभर चित्रे मार्लबरो गॅलरीला पडत्या भावात, तीही बारा वर्षांच्या बिनव्याजी हप्त्यांनी विकली; उरलेली सुमारे सातशे निम्म्या दलालीवर सोपवली. व्यवस्थापकांपैकी एक त्याच गॅलरीचा पदाधिकारी होता. रॉथ्कोच्या मुलीने न्यायालयात धाव घेतली. १९७५ मध्ये न्यायालयाने व्यवस्थापकांना दूर केले, करार रद्द ठरवले आणि सुमारे ९२ लाख डॉलरची भरपाई व दंड ठोठावला. १९७७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय कायम केला. परंतु असा दावा चालवण्याचे बळ भोसरीच्या चित्रकाराकडे कोठून येणार?

म्हणूनच हे काम संघटनेचे आहे. चित्रकारांनी एकत्र येऊन करारनाम्याचा एकच नमुना ठरवावा. दलालीचा दर, चित्रकाराच्या लेखी संमतीवाचून एकही खर्च नाही, प्रत्येक रकमेला पावती, ठरलेल्या मुदतीत पैसे आणि न विकलेली चित्रे विनाअट परत, एवढी कलमे त्यात असली तरी पुरे. कामगार संघटनांनी आपले वकील आणि आपली हिशेबाची जाण त्यांच्या पाठीशी उभी करावी. पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही अल्प भाड्याची, उघड हिशेबाची दालने नागरिकांचा हक्क म्हणून द्यावीत.

रंग, कापड आणि रात्रीची झोप चित्रकाराने खर्ची घातलेली असते. त्या खर्चाची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही. निदान उरलेल्या खर्चाचा कागद तरी त्याने पावतीसह मागितला पाहिजे, आणि तो मिळेपर्यंत चळवळीने त्याच्या सोबत उभे राहिले पाहिजे.