घोटावड्याच्या मापाने पुण्याचे मोल

मुळशी तालुक्यातील घोटावडे गावाच्या एका अंगास पिरंगुटची कारखानदारी आहे, तर दुसऱ्या अंगास माण-हिंजवडीची नवी वसाहत. येथे यंत्रात हात सापडलेला कामगार किंवा बांधावरून पडून खुबा मोडलेली वृद्धा यांची ऐपत बेताची असेल, तर त्यांना बहुधा पुण्याच्या सरकारी रुग्णालयाची वाट धरावी लागते. तेथे त्यांची गाठ पडते ती अस्थिव्यंगोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टराशी. म्हणून हे शिक्षण कसे चालते, हा केवळ वैद्यकीय वर्तुळाचा प्रश्न उरत नाही.

सरकारी महाविद्यालयांतील पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. साहजिकच देशभरचे विद्यार्थी शहराशहरांची तुलना करतात. रुग्ण किती, शस्त्रक्रिया प्रत्यक्ष हाती किती येतात, वसतिगृह कसे, शहर राहण्याजोगे आहे काय, हे त्यांचे निकष. या कसोटीवर पुणे उणे ठरत नाही. १८६७ सालचे ससून रुग्णालय आणि त्याच्याशी संलग्न असलेले १९४६ सालचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय यांची परंपरा मोठी आहे. दुचाकींच्या या शहरात अस्थिभंगाच्या रुग्णांना तोटा नाही. मात्र विद्यार्थ्याला जी अनुभवाची सुबत्ता वाटते, ती कोणा कुटुंबाच्या मिळवत्या माणसाची आपत्ती असते, हे विसरता येत नाही.

श्रमाचा हिशेबही तपासला पाहिजे. १९९२ च्या केंद्रीय निर्देशांत निवासी डॉक्टरांचे सलग काम सामान्यतः १२ तासांपेक्षा अधिक असू नये, असे म्हटले होते. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमावलीत मात्र कामाचे तास ‘वाजवी’ असावेत, एवढेच आहे. आकड्याची तपासणी होऊ शकते, विशेषणाची होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये राज्यातील निवासी डॉक्टरांनी संप केला, तेव्हा वसतिगृहांची दुरवस्था हीही त्यांची एक तक्रार होती. थकलेल्या हाताची किंमत अखेर रुग्णच मोजतो.

परंतु समाजाची कसोटी याहून निराळी आहे. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले कौशल्य पोहोचते कोठवर? २०२० मध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम सक्तीचे झाले. हेतू स्तुत्य आहे. मात्र पुण्याचे जिल्हा रुग्णालय औंधला, म्हणजे महानगराच्याच पोटात आहे. ससूनहून औंधला गेलेल्या विद्यार्थ्याने जिल्हा पाहिला, असे म्हणता येईल काय? उलट पौडसारख्या ठिकाणच्या ग्रामीण रुग्णालयाचा साचा ३० खाटांचा. त्याच्या मूळ कल्पनेत फिजिशियन, शल्यविशारद, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ आहेत, अस्थितज्ज्ञ नाही.

यावर आक्षेप येईल की, साधनसामग्री आणि भूलतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी विद्यार्थी धाडून काय साधणार? आक्षेप रास्त आहे. पण तो शस्त्रक्रियेपुरताच. मोडलेल्या हाडाचा खर्च शस्त्रक्रियेच्या दिवशी संपत नाही. प्लास्टर बदलणे, टाके काढणे, क्ष-किरण चित्र पाहणे यांसाठी पुन्हा पुन्हा खेप घालावी लागते आणि प्रत्येक खेपेस रुग्णाबरोबर सोबत्याचाही रोजगार बुडतो. दोन खेपांनंतर अनेकांचे पाय रुग्णालयाकडे वळत नाहीत आणि सांधा कायमचा आखडतो.

म्हणून शस्त्रक्रिया ससूनमध्ये आणि पुढची देखरेख तालुक्यात, अशी विभागणी करावी. अध्यापकांच्या निगराणीखाली निवासी डॉक्टरांनी पाळीपाळीने आठवड्यातून एक दिवस ग्रामीण रुग्णालयात अस्थिरोग विभाग चालवावा. त्यास क्ष-किरण यंत्र, तंत्रज्ञ आणि प्लास्टरची खोली एवढे पुरे. आपण जोडलेले हाड सहा महिन्यांनी शेतात कसे काम करते, हे पाहण्याचे शिक्षण शस्त्रक्रियागृहात मिळत नाही. घोटावड्याचा कामगार पुन्हा यंत्रापाशी उभा राहिला की नाही, यावरूनच पुण्याच्या या शिक्षणाचे मोल ठरावे.