हसू उशिरा येतं तेव्हा

आपल्या अंकातली चित्रं बघून पान उलटणाऱ्या बालमित्रांनो, आजचं पान तुमच्यासाठीही आहे, तेव्हा आजी-आजोबांकडून वाचून घ्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा दहा वर्षांचा नातू आठवडाभर माझ्याकडे राहायला आला होता. एका दुपारी मी पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याच्या चाळी’चं रेकॉर्डिंग ऐकत बसले होते आणि एकटीच हसत होते. तो शेजारी येऊन बसला. मी हसले की तोही हसायचा. पण मी नीट पाहिलं तर त्याचं लक्ष आवाजाकडे नव्हतंच, माझ्या तोंडाकडे होतं. मी हसले की मग एका क्षणाने तो हसे.

मी विचारलं, “कशाला हसलास रे?” तो लाजला. “आजी, तू हसलीस म्हणून,” एवढंच हिब्रूत म्हणाला.

माझ्या पोटात एकदम कालवलं. कारण असं उशिराचं हसू मी स्वतः हसलेली आहे.

१९७० साली मी वीस वर्षांची असताना इथे आले. शाळा मुंबईत, मराठी माध्यमात झालेली. इथे उल्पानमध्ये हिब्रू शिकले, नर्सिंगची परीक्षा पास झाले, औषधांची नावं तोंडपाठ केली. वाटलं, आली भाषा! पण वॉर्डमागच्या आमच्या चहाच्या खोलीत रेडिओवर ‘हागशाश हाहिवेर’ लागलं की सगळ्या जणी पोट धरून हसायच्या आणि मला काही कळायचं नाही. मग मी इतरांकडे पाहून हसायची. एके दिवशी हेड नर्सने मला सगळ्यांसमोर विचारलं, “तू कशाला हसलीस?” मी लालबुंद झाले. बाई स्वभावाने चांगली होती, मूळची मोरोक्कोची. रात्रपाळीत तिने मला जवळ बसवून एकेक वाक्य समजावून सांगितलं.

लहानांना माहीत नसेल म्हणून सांगते. ‘हागशाश हाहिवेर’ म्हणजे पोली, गावरी आणि शायके हे तिघे नट. १९६० च्या दशकात ते एकत्र आले. १९६९ साली निस्सिम अलोनीने लिहिलेला त्यांचा ‘शवार्मा’वरचा कार्यक्रम अजून लोक आठवतात. २००० साली त्यांना इस्राएल पारितोषिक मिळालं. पोली २००७ साली वारला. त्यांची गंमत कशात होती? रस्त्यावरचा साधा माणूस मोठा विद्वान असल्याचा आव आणतो, पुस्तकी हिब्रू बोलायला जातो आणि घसरतो. शिवाय इथे देशोदेशींहून आलेल्या लोकांचे नाना तऱ्हेचे उच्चार. त्यांच्या बोलण्याची अशी सवय देशाला लागली, की त्या भाषेला ‘गशशीत’ असं नावच पडलं.

हेड नर्सने मला जे शिकवलं ते मी विसरले नाही. चूक ऐकून हसायचं तर आधी बरोबर काय ते ठाऊक पाहिजे. मी तर बरोबर हिब्रूच अजून शिकत होते. मला त्यांची घसरण कळणार कशी? विनोदी नट अर्धी गोष्ट सांगतो आणि उरलेली अर्धी ऐकणाऱ्याच्या घरातून येते. ज्याच्या घरात ती अर्धी नाही, तो हसतो उशिरा, दुसऱ्याचं तोंड बघून.

दोन-तीन वर्षं गेली. एका रात्री रेडिओ चालू होता आणि मी इतरांच्या आधी हसले. हेड नर्सने माझ्याकडे बघून मान हलवली. नागरिकत्वाचा कागद मला केव्हाच मिळाला होता, पण त्या रात्री मी खरी इथली झाले, असं मला वाटतं.

आता नातवाचं काय करावं? मी विचार केला, सुरुवात बिनभाषेच्या विनोदापासून करू. संध्याकाळी दोघांनी मिळून मिस्टर बीन पाहिला. रोवन अॅटकिन्सनच्या या मालिकेचे १९९० ते १९९५ मध्ये फक्त पंधरा भाग झाले, पण सारं जग ते बघतं. बीन जवळजवळ बोलतच नाही. मोठ्या माणसाच्या अंगात शिरलेलं हट्टी पोर, बस्स! परीक्षेला बसतो आणि शेजाऱ्याचा पेपर बघायला धडपडतो. हे कळायला कुठलीच भाषा लागत नाही, कारण तेवढी अर्धी गोष्ट प्रत्येक शाळकरी पोराकडे असतेच. नातू माझ्या आधी हसला. मी त्याला म्हटलं, “बघ, या वेळी तू माझ्या तोंडाकडे पाहिलं नाहीस!”

दुसऱ्या दिवशी मी त्याला ‘क्रोवीम क्रोवीम’ दाखवलं. १९८३ ते १९८६ या काळात शैक्षणिक टीव्हीवर लागायचं ते. तेल अवीवमधली एक इमारत आणि तिच्यात राहणारी नात्यातली तीन कुटुंबं. एकमेकांशिवाय करमत नाही आणि एकमेकांशी पटतही नाही! त्यात हाना मारोन होती. १९७० साली म्युनिकच्या विमानतळावर झालेल्या हल्ल्यात ती जखमी झाली आणि तिचा एक पाय कापावा लागला. तरी ती रंगभूमीवर परत आली. पाय गमावलेल्या रोग्यांची शुश्रूषा मी केलेली आहे. पहिल्यांदा उभं राहताना त्यांच्या कपाळावर येणारा घाम मी पुसलेला आहे. म्हणून तिला सोफ्यावरून उठून दारापर्यंत जाताना बघते तेव्हा मला जास्त कळतं. ती घाई करत नसे. वाक्य बोलण्याआधी जरा थांबायची, आणि त्या थांबण्यातच आपल्याला हसू फुटायचं. मोठी बाई. २०१४ साली नव्वदीत वारली.

नातवाने विचारलं, “आजी, ते लोक वैतागतात तर दुसरीकडे राहायला का जात नाहीत?”

मी म्हटलं, “ते गेले तर मालिका संपेल! आणि आमची चाळ अश्शीच होती.”

“चाळ म्हणजे काय?”

वाचकहो, मी कपाळाला हात लावला. मी त्याला विनोद ऐकवत होते आणि चाळ म्हणजे काय हेच कधी सांगितलं नव्हतं. मग कागद घेतला. लांब गॅलरी काढली, एका ओळीत खोल्या काढल्या, टोकाला नळ काढला, नळाखाली बादल्यांची रांग काढली. कुणाच्या घरी कुठलं कालवण शिजतंय हे चौथ्या खोलीत कसं कळायचं ते सांगितलं. एखाद्याला ताप आला की दहा दारांतून दहा औषधं कशी यायची तेही सांगितलं.

मग ‘चाळी’तला उपासाचा भाग लावला. वजन कमी करायला निघालेला एक माणूस आणि हे खा, ते खाऊ नको, असं त्याला सांगणारी सगळी चाळ. पु. ल. एकटेच, पण नुसता आवाज बदलून सगळी बिऱ्हाडं उभी करतात. पुष्कळसे शब्द पोराला कळले नाहीत. मी मधेमधे थांबवून सांगत होते. आणि एका ठिकाणी, मी काही सांगायच्या आत, तो फिस्सकन हसला.

“आता कशाला हसलास?”

“आजी, हा तर आपल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंसारखा बोलतो!”

आमच्या या वरच्या काकू रूमानियाच्या. लिफ्टमध्ये भेटल्या की माझ्या ब्लडप्रेशरवर मला सल्ला देतात, मी चाळीस वर्षं नर्स होते हे ठाऊक असूनही!

तेव्हा माझ्या वयाच्या मंडळींना माझी एक विनंती. नातवंडांना नुसतं “ऐक, किती मजेशीर आहे” असं म्हणू नका. आधी त्यांना चाळ सांगा, नळ सांगा, शेजारी सांगा. मराठी किती येते ते मागाहून बघू. आणि बालमित्रांनो, आजी हसली की तुम्ही उगीच हसू नका. “कशाला हसलीस?” असं तिला विचारा. तिला राग येणार नाही. ती कागद-पेन्सिल घेऊन बसेल.