मानेवर वीज, हातांत बळ

झाडावरून पडून, वाहनाच्या अपघातानें किंवा उथळ पाण्यांत सूर मारल्यानें मानेचा मणका मोडून आंतील मज्जारज्जूस इजा झाली, म्हणजे मनुष्य जगतो, बोलतो, विचार करतो; परंतु पाण्याचें भांडें उचलून तोंडास लावणें त्यास साधत नाहीं. घांस दुसऱ्यानें भरवावा, नाकावरची माशी दुसऱ्यानें हांकावी! अशा रोग्यास सर्वांआधीं पुनः चालावेंसें वाटत असेल, असा निरोगी माणसांचा समज असतो. पण २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत हातपाय लुळे पडलेल्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांनीं आधीं हात मागितले. आम्हांस यांत नवल वाटत नाहीं.

म्हणूनच २०२४ च्या मे महिन्यांत 'नेचर मेडिसिन' या मासिकानें प्रसिद्ध केलेला एक प्रयोग वाचकांच्या कानांवर घालावासा वाटतो. विजेनें स्नायू उडतो ही गोष्ट जुनीच. इटलींतील गॅल्व्हानी यानें बेडकाच्या तंगडीवरील आपले प्रयोग १७९१ सालीं प्रसिद्ध केले. येथें मात्र वीज हातास लावीतच नाहींत. मानेच्या मागील बाजूस कातडीवर पट्ट्या चिकटवून त्यांतून प्रवाह सोडतात. शस्त्रक्रिया नाहीं, सुई नाहीं. हा प्रवाह मज्जारज्जूंत शिरणाऱ्या संवेदनातंतूंस चेतवितो, व त्यांच्या द्वारें तेथील मंद पडलेलें तंतुजाल जागें होतें. मग शिल्लक राहिलेल्या थोड्याशा तंतूंवरून येणारी मेंदूची क्षीण आज्ञाहि हातापर्यंत पोंचूं शकते. राखेखालीं निखारा असला तर तो फुंकरीनें फुलतो, तसेंच हें. फुंकर निखारा निर्माण करीत नाहीं, हें गृहिणींस सांगावयास नको.

प्रयोगांत ६५ रोगी घेतले होते. ६० जणांनीं तो पुरा केला. इजा अपूर्ण, म्हणजे कांहीं तंतु शाबूत असलेलेच रोगी निवडले होते. पहिले दोन महिने नुसता व्यायाम, पुढचे दोन महिने व्यायाम व प्रवाह. शेवटीं ७२ टक्के रोग्यांच्या हातांचें बळ व काम करण्याची शक्ति हीं दोन्ही ठरविलेल्या मापानें वाढलीं. इजा होऊन ३४ वर्षें लोटल्यावरहि गुण आला, हें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. कारण पहिल्या वर्ष-दोन वर्षांत जें सुधारेल तें सुधारेल, पुढें आशा नाहीं, असें घरच्यांस पुष्कळदा सांगण्यांत येतें. उपकरणामुळें गंभीर अपाय कोणास झाला नाहीं. डिसेंबर २०२४ मध्यें अमेरिकेच्या औषधनियंत्रक खात्यानें त्यास परवानगीहि दिली.

पूर्वपक्ष झांकून सिद्धांत मांडूं नये. प्रवाहावांचून तितकेच दिवस व्यायाम करणारा वेगळा गट तुलनेस नव्हता. म्हणून श्रेय विजेचें किती आणि चार महिन्यांच्या सरावाचें किती, हें काटेकोर सांगतां येत नाहीं. प्रवाह चालू असतांना रोग्यास वस्तु उचलाव्या, चिमटींत धराव्या लागतात. नुसतें पडून पट्ट्या लावून घेतल्यानें हात चालूं लागेल असें कोणीं म्हटलेलें नाहीं. बाजारांत विजेचे झटके देणाऱ्या पट्ट्यांच्या जाहिराती दिसतात, त्या ह्या नव्हेत; मानेवर घरगुती प्रयोग तर कोणीं करूंच नये. ज्यांच्या घरीं असा रोगी असेल त्यांनीं डॉक्टरांस प्रथम एवढेंच विचारावें, कीं इजा पूर्ण आहे कीं अपूर्ण. आणि तोंवर बोटांचे सांधे आंखडूं न देणारा रोजचा व्यायाम चुकवूं नये.