संगणकाशी गट्टी : किल्ली खोटी की डोळे?

दोस्तांनो, या आठवड्यात दोन पत्रं आली आणि दोन्हींत रड एकच! साताऱ्याचा सातवीतला दोस्त लिहितो, "दादाच्या संगणकात विंडोज घातलं. कार्डावरची की तीनदा टाकली, तिन्ही वेळा 'की अवैध' असंच आलं." सांगलीची मैत्रीण लिहिते, "२०१९ च्या पुरात बाबांच्या दुकानातला संगणक भिजला. मदरबोर्ड नवा घातला. तेव्हापासून पडद्याच्या कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' येतं. की तर आमची खरीच होती!"

आधी की म्हणजे काय ते पाहू. आपण विंडोज विकत घेतो, म्हणजे खरं तर ते वापरायची परवानगी घेतो. की हा त्या परवानगीचा पुरावा. पण खरी-खोटी की ओळखायची कशी? विंडोज ९५ ची युक्ती गमतीची होती. कीमधल्या सात अंकांच्या गटाची बेरीज करायची. तिला ७ ने निःशेष भाग गेला की की पास! अशी की तर पाचवीतलं पोरही बनवील. म्हणून २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर नवी पद्धत आली. की कंपनीकडे तपासायची आणि त्या संगणकाच्या भागांशी तिची गाठ मारायची.

आता साताऱ्याच्या दोस्ता, ऐक. हल्लीच्या कीमध्ये २५ अक्षरं असतात. त्यांत शून्य, एक, पाच हे अंक नसतात आणि त्यांच्यासारखी दिसणारी ओ, आय, एस ही अक्षरंही नसतात. पण आठ आणि बी, सहा आणि जी ही मंडळी मात्र असतात. डोळे फसतात ते इथेच. भिंग घे आणि एकेक अक्षर ताडून बघ. शिवाय 'होम'ची की 'प्रो'ला चालत नाही, तेही तपास.

सांगलीच्या मैत्रिणी, तुमची की खरी होती, पण तिची गाठ जुन्या मदरबोर्डाशी होती. बाबांना बिल शोधायला सांग. विंडोज वेगळं विकत घेतलं असेल, तर ते सहसा पुन्हा चालू करता येतं. सेटिंगमधल्या 'अ‍ॅक्टिव्हेशन'मध्ये जाऊन बघा. संगणकाबरोबरच आलं असेल, तर नवीन घ्यावं लागण्याची शक्यता जास्त. वाईट वाटेल, पण खरं तेच सांगतो.

अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, "क्रॅक टाकून देतो, काय होतंय?" सावध! असे प्रोग्रॅम बऱ्याचदा आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. म्हणजे पहारेकऱ्याला सुट्टी देऊन गल्ल्याची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती द्यायची! दुकानाचा सारा हिशेब त्याच संगणकात असतो ना? शिवाय जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं हा कॉपीराइट कायद्यानं गुन्हा आहे. पैसे नसतील तर लिनक्स वापरा. आपल्या सी-डॅकनं भारतीय भाषांसाठी 'बॉस' नावाचं लिनक्स तयार केलंय. त्याला की लागतच नाही.

आणि हा गृहपाठ. विंडोज ९५ च्या नियमानं ५८३९२६ यापुढे सातवा अंक कोणता हवा? उत्तरं दोन आहेत, बरं का! आईबाबांनाही विचारा.